न फुटलेल्या नळीचा धोका

३० जुलै २००४ च्या सकाळी बेल्जियममधल्या गिलांगियां इथल्या औद्योगिक वसाहतीत जमिनीखालची नैसर्गिक वायूची वाहिनी फुटली. २४ जण दगावले, १३२ जखमी झाले. गळतीची खबर मिळाल्यावर धावून आलेले अग्निशमन दलाचे जवानही मृतांत होते. वाहिनीला घाव मात्र काही आठवडे आधीच बसला होता. बांधकामावरच्या यंत्राने नळीचे पोलाद ओरबाडले होते. नळी तेव्हा फुटली नाही, म्हणून काम पुढे चालू राहिले. पुढे वायूचा दाब वाढवला गेला आणि ती जागा टिकली नाही.

नळीतला वायू तिच्या भिंतीला सतत बाहेर ताणत असतो. भिंत निम्मी झाली, की हा ताण जवळपास दुप्पट होतो. त्यात ओरखड्याचा तळ टोकदार असेल तर सगळा ताण तिथेच एकवटतो आणि बारीक तडा वाढत जातो. वरून पाहणाऱ्याला दिसते ती फक्त सोललेली नळी.

मग खणण्याआधी खाली काय आहे ते यंत्राने का कळत नाही? कळते, पण अर्धवट. केबल लोकेटर विजेच्या तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र हुंगतो. प्रवाहच वाहत नसेल तर क्षेत्र नाही. म्हणजे केबलमध्ये वीज जिवंत असूनही, पलीकडे भार नसल्यामुळे, लोकेटर गप्प राहू शकतो. तीन फेजचा भार अगदी समतोल असला तरी तिन्ही क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. म्हणून तज्ज्ञ केबलवर बाहेरून वेगळ्या वारंवारितेचा संकेत सोडतात आणि तो शोधतात. शहरातल्या पिवळ्या प्लास्टिकच्या गॅस पाइपला तोही उपाय चालत नाही, सोबत धातूची तार पुरली नसेल तर.

तिथे जमिनीत लहरी सोडणारे रडार कामाला येते. त्याच्या लहरी कोरड्या वाळूत नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर जातात, ओल्या मातीत त्याच्या निम्म्यानेही नाही. लहर परतायला लागलेल्या वेळावरून खोली काढतात, म्हणून मातीचा अंदाज चुकला की खोलीही चुकली. आपली काळी माती तर भिजली की या लहरी गिळूनच टाकते. पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात रडारवर विसंबणाऱ्या ठेकेदाराच्या धाडसाला दाद द्यावी लागेल!

भारतात २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू झाले. खोदणारा आणि खालच्या वाहिनीचा मालक यांची गाठ घालून देणे, हे त्याचे काम. बेबंद खोदकामाने वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा सरकारी अंदाज आहे. अ‍ॅप उपयोगाचे आहे, पण जुने नकाशे ज्या रस्त्याच्या कडेवरून मापे घेऊन काढले, ती कडच रुंदीकरणात सरकलेली असते.

त्यामुळे नकाशा आणि यंत्र यांनी दाखवलेल्या जागेपासून अंतर राखून जेसीबी थांबवायचा आणि हाताने ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचा खड्डा, घ्यायचा. पहार इथे घातकच; फावड्याने कडेकडेने, थर काढत जायचे. सावधगिरीची पट्टी किंवा बारीक वाळू लागली की वाहिनी जवळ आली असे धरायचे. पण पट्टी लागली नाही म्हणून खाली काही नाही, असे धरायचे नाही. वाहिनी डोळ्यांना दिसेपर्यंत बकेट लांब.

आणि तरीही नळीला दात लागलाच, तर माती लोटून खड्डा बुजवायचा नाही. गॅस कंपनीला कळवले की ते दाब उतरवतात, पोलादी नळीची भिंत किती उरली ते ध्वनिलहरींनी मोजतात, आणि नळी वापरायची की कापून बदलायची ते मग ठरवतात.