इअरबडचा माइक सुरू होताच आवाज का बिघडतो?

आदिलाबाद शहराला लागून असलेल्या मावल्यापासून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर दूर. त्यामुळे नोकरीची पहिली मुलाखत लॅपटॉपसमोर बसून देता येणे ही तेथील उमेदवारासाठी मोठीच सोय आहे. मात्र वायरलेस इअरबड लावून मुलाखतीत सामील होताच, क्षणापूर्वी स्वच्छ असलेला आवाज जुन्या टेलिफोनसारखा घोगरा होतो आणि समोरच्यांनाही उमेदवाराचे शब्द गुदमरल्यासारखे ऐकू येतात. इअरबडच खराब निघाले, असे मानून अनेक जण नवी जोडी विकत घेतात. तीही तशीच वागते.

कारण ब्लूटूथच्या रचनेत आहे. गाणी ऐकताना आवाज लॅपटॉपकडून कानाकडे असा एकाच दिशेने जातो आणि त्यासाठी सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत जागा मिळू शकते. माइक सुरू झाला की हा एकमार्गी रस्ता बंद होऊन दूरध्वनी संभाषणासाठी आखलेला दुमार्गी रस्ता उघडतो. त्यावर प्रत्येक दिशेला अवघे ६४ किलोबिट मिळतात. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, सुधारित पद्धतीत १६,०००. आठ हजार नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही. ‘स’, ‘श’ यांसारख्या वर्णांची धार नेमकी त्या वरच्या पट्ट्यात असते. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतील ‘ज’चा सूक्ष्म भेदही तेथे पुसट होतो. मुलाखतीत उमेदवाराला पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालात?’ असे विचारले जाते, ते यामुळेही.

उपाय बिनखर्चाचा आहे. ऐकण्यासाठी इअरबड ठेवावेत आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडावा. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘साउंड’ या क्रमाने गेल्यास ‘इनपुट’ व ‘आउटपुट’ वेगवेगळे ठरवता येतात. झूम, गूगल मीट किंवा टीम्स यांची निवड स्वतंत्र असते. तीही तपासावी, कारण बहुतेकांची फसगत तेथेच होते. विंडोज १० मध्ये एकच इअरबड ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशा दोन नावांनी दिसतात. त्यांपैकी ‘स्टिरिओ’ निवडावे. लॅपटॉपचा माइक पंख्याची घरघर आणि कळफलकाची खटखट टिपतो, हे खरे. तरीही शांत खोलीत तो सहसा सरस ठरतो.

माइक मुळीच चालत नसेल, तर ‘प्रायव्हसी’ विभागात त्या अ‍ॅपला माइकची परवानगी आहे का, ते पाहावे. पुष्कळदा खिशातील मोबाइलच इअरबड पकडून बसलेला असतो, म्हणून त्याचे ब्लूटूथ बंद करावे. आवाज तुटत असेल, तर वाय-फाय २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झवर न्यावे, कारण ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालते. एवढे करूनही जमले नाही, तर जोडणी काढून टाकून नव्याने करावी.

कायमचा उपाय म्हणजे एलई ऑडिओ. त्याचे मानक २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत त्याची सोयही आहे. मात्र लॅपटॉपचे ब्लूटूथ आणि इअरबड या दोहोंनी त्याला साथ द्यावी लागते. खरेदीपूर्वी दोन्ही वस्तूंच्या माहितीपत्रकात ‘एलई ऑडिओ’ हे शब्द शोधावेत. नुसता ब्लूटूथचा ५.२ किंवा ५.३ असा आकडा पाहून पैसे मोजू नयेत.