श्रीलंकेचे युद्ध : पडद्यावरील दस्तऐवज

वृत्तपट ताजी वार्ता देतो. अनुबोधपट पुराव्यांची संगती लावतो.

• युद्ध (सरकार विरुद्ध तमिळ सशस्त्र गट) : जुलै १९८३ ते १८ मे २००९. अखेरच्या महिन्यांत ४०,०००पर्यंत नागरिक दगावले असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०११च्या अहवालात नमूद केली. कोलंबो सरकारने तो अहवाल अमान्य केला.

• ‘नो फायर झोन’ (२०१३), दिग्दर्शक कॅलम मॅक्रे : वेढ्यात सापडलेल्या नागरिकांनी आणि, विलक्षण वाटेल, पण विजयी सैनिकांनीही स्वतःच्या भ्रमणध्वनींवर टिपलेली दृश्ये हाच ज्याचा मुख्य आधार, अशा या पटास भारतीय परिनिरीक्षण मंडळाने २०१४मध्ये परवाना नाकारला, तेव्हा निर्मात्यांनी तो भारतीय प्रेक्षकांसाठी महाजालावर विनामूल्य खुला केला.

• ‘डीमन्स इन पॅरडाइज’ (२०१७) : तमिळ दिग्दर्शक ज्यूड रत्नम. तमिळ सशस्त्र गटांच्या आपसांतील हत्यांचाही उल्लेख.

• स्मारक : तंजावर शहरालगत विळार येथे या युद्धातील मृतांचे ‘मुळ्ळिवाय्क्काल मुट्रम’ हे शिल्पस्मारक आहे. उद्घाटन नोव्हेंबर २०१३.