कर्जाच्या अर्जात आपला माल कसा मांडाल?

शेतमालावर प्रक्रियेचा छोटा धंदा काढायचा म्हटले, की बँक प्रकल्प अहवाल मागते. खर्चाचे आकडे आपण कुणाकडून तरी करून घेतो. पण मालाच्या वर्णनाची जागा आली, की एका ओळीत काम उरकतो: ‘उत्तम प्रतीची शुद्ध हळद पूड.’ आता सांगा, आपला माल हलका आहे असे कोण लिहील? बँकेच्या साहेबांनी तुमची हळद पाहिलेली नाही. त्यांना ती कागदावरच दिसली पाहिजे.

समजा, कांडप यंत्रासाठी कर्ज हवे आहे. मग असे लिहा: ‘घरच्या शेतातील सेलम जातीची हळद उकडून, उन्हात वाळवून, पॉलिश करून दळलेली पूड. दुसरे काही मिसळत नाही. पाकिटे २०० व ५०० ग्रॅमची. गिऱ्हाईक: तालुक्याची किराणा दुकाने व आठवडी बाजार.’ पाकिटावर वजन, किंमत, घटक, तयार केल्याची तारीख आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक छापणार, हेही नमूद करा.

दुकानात मोठ्या कंपन्यांची पाकिटे असताना तुमचे कोण घेईल, हा प्रश्न साहेब विचारणारच. ‘आमची चांगली’ हे उत्तर नव्हे. ‘दर महिन्याला लागेल तेवढीच दळतो, म्हणून पूड ताजी मिळते’ हे उत्तर झाले. मात्र लिहाल ते निभवावे लागेल.

माल किती निघेल, तेही हिशेबाने सांगा. पाच क्विंटल ओली हळद उकडून वाळवली, की साधारण एक क्विंटल हळकुंडे हाती येतात. म्हणजे वर्षाला २० क्विंटल पूड विकणार असे लिहिले, तर १०० क्विंटल ओली हळद लागेल. तेवढी घरच्या रानात निघते का? नसेल तर उरलेली कुठून घेणार, तेही लिहा. आकडा फुगवून कर्ज मिळेलही. पण यंत्र रिकामे उभे राहिले, तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

गावच्या लोकांची हळद, मिरची कांडून देणार असाल, तर ती सेवा झाली. तिचे वर्णन वेगळे करा: किलोला दर काय, माल किती दिवसांत परत देणार, कोणत्या महिन्यांत काम जास्त. वर्षाचे तिखट-मसाले उन्हाळ्यात होतात. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी. ते झाकून ठेवू नका. हप्त्यांची आखणी करताना तुम्हालाच त्याचा उपयोग होईल.

अर्ज देण्यापूर्वी हे वर्णन घरात सर्वांना वाचून दाखवा. वाळवण घालणाऱ्या, पाकिटे भरणाऱ्या बायका ‘एवढे आपल्याच्याने होईल’ म्हणाल्या, तरच खाली सही करा.