वरळीच्या खाऱ्या वाऱ्यात बोगनवेल

वरळीला समुद्राकडे तोंड असलेल्या गच्चीवर गुलाब लावून पाहिलेल्यांना अनुभव असेल, खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात. अशा जागी बोगनवेल चांगली तग धरते. हे काटेरी झुडूप मूळचे दक्षिण अमेरिकेतील. १७६० च्या दशकात फ्रेंच दर्यावर्दी बोगनविल याच्या सफरीत ते युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस पडले आणि नावही त्याचेच मिळाले. आपल्या परसातील गुलबास याच कुळातला. ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत सहपत्रे होत. खरे फूल म्हणजे त्यांच्या मध्ये असलेली बारीक पांढरट नळी.

मुंबईत या झाडाला मारते ते पाणी. पावसाळ्यात येथे २,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि कुंडीखाली बशी असेल तर मुळे कुजतात. म्हणून जूनपूर्वीच बशी काढून कुंडी दोन विटांवर ठेवावी व तळाची भोके मोकळी करावीत. कुंडी १२ ते १४ इंची पुरते. फार मोठी घेऊ नये, मुळे थोडी आवळलेली असली की फुलोरा बरा येतो. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू व एक भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. लावताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये, कारण मुळे फार नाजूक असतात.

बागायतदारांना डाळिंबाचा व संत्र्याचा ताण सांगायला नको. येथेही तेच तत्त्व आहे. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात हलकी छाटणी करावी, कारण फुले नव्या फुटीवर येतात. फूट जून झाली की पाणी तोडावे व पाने किंचित मलूल दिसू लागली की भरपूर द्यावे. दिवस लहान होत असल्याने त्या काळात कळ्या धरण्यास मदतच होते. दिवसाकाठी किमान सहा तास ऊन हवेच. इमारतीच्या सावलीतील गॅलरीत फुलांची आशा धरू नये. युरिया तर टाळाच. नुसता पाला माजेल.

ताण बसला की पाने झडतात. नेमके याच वेळी घरातील मंडळी झाड मेले समजून उपटून टाकतात. आधी नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे, पाणी सुरू करावे.

'मेरी पामर' जातीत एकाच झाडावर पांढरी व जांभळट गुलाबी सहपत्रे येतात. 'महारा' भरगच्च दिसते खरी, पण सुकलेले झुबके फांदीवरच लोंबत राहतात. ते हाताने काढण्याची तयारी हवी. सामाईक गॅलरीत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरील फांद्या छाटाव्यात. कठड्यावर कुंडी ठेवू नये, पावसाळी वाऱ्यात वर वाढलेले झाड कुंडीसह कोसळते.

रोपवाटिका चालविणाऱ्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सें.मी. लांबीची छाट कलमे पावसाळ्याच्या सुरुवातीस लावावीत. ज्या जाती छाटाने सहज फुटत नाहीत त्यांची गुटी बांधावी. मुंबईच्या बाजारात रोप देताना गिऱ्हाइकाला पाण्याचा ताण व पानगळ या दोन गोष्टी तोंडी सांगाव्यात. तसे न केल्यास पहिल्या पानगळीतच रोप खराब निघाल्याची तक्रार येते.