मतदानानंतरचे नागरिकत्व

सन २०१९ च्या जुलै महिन्यात हिंगोली जिल्ह्यातील ताकतोडा येथील शेतकऱ्यांनी आपले गाव विक्रीस काढल्याचे जाहीर केले. थकलेले कर्ज व पीक विम्याचा प्रश्न यांनी ते हवालदिल झाले होते. ही बातमी राज्यभर पोहोचली. विशेष म्हणजे, त्याच वर्षी १८ एप्रिल रोजी हिंगोली मतदारसंघात लोकसभेचे मतदान पार पडले होते. मत देऊन तीन महिने होतात न होतात तोच नागरिकांना असा टोकाचा मार्ग का धरावा लागावा, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

प्रातिनिधिक लोकशाहीत आपण निर्णयाचा अधिकार पाच वर्षांसाठी प्रतिनिधींकडे सोपवितो. बोलण्याचा अधिकार मात्र आपल्याकडेच राहतो. तो कसा वापरावा, हे ताकतोड्याप्रमाणेच सेनगाव तालुक्यात असलेल्या पुसेगावच्या उदाहरणाने पाहू.

पुसेगावच्या मतदाराची पहिली पायरी म्हणजे ग्रामसभा. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात स्थान दिले. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा भरवावी लागते. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. मात्र गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजेच आपण घरी बसलो, तरी निर्णय आपल्यावाचून होतच राहतात.

ग्रामसभेत केवळ बोलून भागत नाही. पारावर व्यक्त केलेला संताप संध्याकाळी विरून जातो; इतिवृत्तात नोंदलेला ठराव मात्र कागदावर टिकतो आणि त्याविषयी उद्या जाब विचारता येतो. म्हणून विषय लेखी द्यावा, ठरावाची नोंद झाली की नाही हे पाहावे व त्याची प्रत मागून घ्यावी.

कर्जमाफी किंवा पीक विमा यांचा निर्णय ग्रामसभेच्या हाती नाही, हे खरे. तथापि तिचा ठराव तहसीलदार, जिल्हाधिकारी, आमदार व खासदार यांच्याकडे पाठविता येतो. आमदार तोच प्रश्न विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणून मांडू शकतात. वैयक्तिक गाऱ्हाण्यासाठी लोकशाही दिन आहे: तालुका पातळीवर महिन्याचा तिसरा सोमवार आणि जिल्हा पातळीवर पहिला सोमवार. अर्जाचे पुढे काय झाले, हे कळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. दहा रुपये शुल्क भरून अर्ज केल्यास सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास हे शुल्कही नाही.

ही वाट संथ आहे, परंतु निष्फळ नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने वर्षानुवर्षे ग्रामसभेत एकत्र बसून, चर्चा करून, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत जोपासली. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला.

ताकतोड्याच्या घोषणेनंतर काही महिन्यांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, राज्य शासनाने दोन लाख रुपयांपर्यंतची कर्जमुक्ती योजना जाहीर केली. ती एका गावाच्या हाकेमुळेच झाली, असे म्हणता येणार नाही. परंतु गाव विकण्याची भाषा बोलण्याची पाळी कोणत्याही गावावर येऊ नये, असे वाटत असेल तर शासनाने साधा लेखी अर्जही तितक्याच गांभीर्याने वाचला पाहिजे. आणि आपणही, वाचकहो, पुढच्या ग्रामसभेची सूचना फलकावर लागेल, तेव्हा ती वाचून केवळ पुढे जाता कामा नये.