धक्क्यावरचा पहिला गळ

धाटावजवळून वाहणारें कुंडलिकेचें पाणी पुढें कोठें जातें, असें येथील मुलांस विचारलें तर 'रोह्यास' एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. रोह्याखालीं नदीची खाडी होते आणि ती खाडी रेवदंडा व कोर्लई या दोन जुन्या किल्ल्यांच्या मधून समुद्रास मिळते, हें नकाशांत वाचलेलें असतें. डोळ्यांनीं पाहिलेलें क्वचितच असतें. यंदाच्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं चार विद्यार्थ्यांसह त्या मुखापाशीं एक दुपार घालविली. निमित्त मासे गरविण्याचें होतें. आमच्यापैकीं कोणींहि पूर्वी गळ हातीं धरला नव्हता. तेव्हां अडीच-तीन तासांत जें पाहिलें व जें चुकलों, तें आमच्यासारख्याच नवशिक्या वाचकांसाठीं येथें देत आहों.

प्रथम शब्दांविषयीं. ज्या दगडी किंवा सिमेंटच्या बांधावर होड्या लागतात त्यास आपल्याकडे धक्का म्हणतात. मुंबईचा 'भाऊचा धक्का' सर्वांस ठाऊक आहे. तें नांव तो बांधविणाऱ्या भाऊ अजिंक्य यांच्यावरून पडलें. गळाच्या टोंकास जो वांकडा कांटा असतो ती गरी, आणि गरीनें मासे धरणें म्हणजे गरविणें. गरीस बांधलेल्या नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्यास कोंकणांत तंगूस म्हणतात. हे शब्द येत नसले तर धक्क्यावर आपण परके ठरतों, आणि आम्ही तसे ठरलों.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या ओळखीचे रेवदंड्याच्या कोळीवाड्यांतील एक वृद्ध गृहस्थ आम्हांस वाट दाखवावयास लाभले होते. सर्व त्यांस नाखवा म्हणत; आम्हीहि तसेंच म्हणूं लागलों. सुटींतला अमुक दिवस सोयीचा आहे, सकाळीं येतों, असें आम्हीं त्यांस आधीं कळविलें होतें. त्यावर त्यांनीं उलट विचारलें, "त्या दिवशीं तिथी कोणती?" आम्हांस ती सांगतां आली नाहीं. पंचांग पाहिलें तेव्हां कार्तिक शुद्ध चतुर्थी निघाली. "मग सकाळीं येऊन काय कराल? चिखल बघाल. दुपारीं बारा-साडेबाराला या," असें त्यांचें उत्तर आलें.

हा हिशेब इतका सोपा आहे कीं, तो शाळेंत कोणी कां शिकवीत नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें. तिथीच्या अंकास पाऊणानें गुणावें. जी संख्या येईल तितके वाजतां, दिवसा आणि पुनः रात्रीं, पूर्ण भरती. चतुर्थीस चारांची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजतां भरती. अष्टमीस सहा वाजतां. चतुर्दशीस साडेदहा. पौर्णिमेनंतर पुनः प्रतिपदेपासून मोजावें. भरती व ओहोटी यांमध्यें सुमारें सवासहा तासांचें अंतर असतें. म्हणजे चतुर्थीस सकाळीं नऊच्या सुमारास पाणी अगदीं खालीं गेलेलें, आणि धक्क्याच्या पायथ्याशीं खरोखरच चिखल. चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरत असल्यामुळें भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येते. त्या पन्नास मिनिटांचीच ही पाऊण तासाची ढोबळ मोजणी आहे. ती स्थूल असल्यानें अर्ध्या तासाची चूक सहज पडते, आणि खाडींत जों जों वर जावें तों तों भरती उशिरां पोहोंचते. कोळी लोक हिशेब येथेंच थांबवीत नाहींत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार चढतें व फार उतरतें, तें उधाण. मुंबईस उधाणाची भरती साडेचार मीटरांच्याहि वर जाते. अष्टमीच्या आसपास चढउतार थोडा, तो भांग. उधाणांत प्रवाह इतका ओढतो कीं नवशिक्याचा गळ तळाशीं ठरत नाहीं, आणि भांगांत पाणी मंद म्हणून मासाहि मंद. चतुर्थी या दोहोंमधली. आमच्यासाठीं ती बरी पडली.

धक्क्यावर आम्ही पोहोंचलों तेव्हां पाणी चढूं लागलें होतें. नाखव्यांनीं आम्हांस वेताची काठी वगैरे कांहींच दिलें नाहीं. लांकडाच्या एका तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, त्याच्या टोंकाशीं शिशाची गोळी, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर एक गरी; एवढेंच साहित्य. शिसें किती जड असावें हें प्रवाहावरून ठरतें: गळ तळाशीं जाऊन बसावा, पण तेथें रुतूं नये. गरी बांधतांना दोरा नाकींतून ओंवून स्वतःभोंवतीं पांच-सहा पीळ द्यावयाचे, टोंक पहिल्या फासांतून काढावयाचें आणि ओढण्यापूर्वी गांठ पाण्यानें ओली करावयाची. कोरडी गांठ ओढली तर घर्षणानें तापून तंगूस तेथेंच दुबळा होतो. आमच्यांतील एकानें ही शेवटची गोष्ट ऐकली नाहीं. त्याची गरी पहिल्याच ओढीला तळच्या दगडांत राहिली.

ही विद्या केवळ पोटासाठीं चालत आली असें मात्र नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे आणि गळ, दोरा, आमिष यांची बारीक माहिती दिलेली आहे. आठ-नऊशें वर्षांपूर्वी एका राजानें हें लिहून ठेवावें, आणि आपण मात्र गरविणें म्हणजे रिकामपणाचा उद्योग समजावा, ही गंमत आहे.

आमिष कोळंबीचें होतें. कोळंबी शेपटीकडून गरींत अशी ओंवावयाची कीं ती सरळ बसावी आणि गरीचें टोंक किंचित् बाहेर दिसावें. उन्हांत ती लवकर नासते, म्हणून ओल्या फडक्याखालीं ठेवावी. गळ फेंकण्यापूर्वी मागें वळून पाहावें. हा नियम नाखव्यांनीं चार वेळां सांगितला, कारण गरी जितकी माशाच्या तोंडांत शिरते तितकीच शेजाऱ्याच्या कानांतहि शिरते, आणि तिच्या उलट्या कांट्यामुळें ती आली तशी बाहेर निघत नाहीं. दुसरा नियम दोऱ्याचा. तंगूस बोटाभोंवतीं कधीं गुंडाळूं नये. मोठा मासा लागला तर तो दोरा बोट कापतो. तर्जनीच्या पेरावर तो नुसता टेंकवून धरावा.

या पेराचीच खरी परीक्षा असते. पाण्याखालीं काय चाललें आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं. तें बोटास कळावें लागतें. चिंबोरी आमिष ओढते तेव्हां ओलें फडकें कोणी हळूहळू खेंचीत आहे असें वाटतें. लहान मासे टोंचतात. चांगला मासा प्रथम एकदां हिसका देतो, क्षणभर थांबतो, आणि मग दोरा घेऊन चालूं लागतो. नवशिका पहिल्याच हिसक्याला दोरा ओढतो व आमिष गमावतो. पहिल्या तासांत आम्हीं पाऊण शेर कोळंबी खाडीस अर्पण केली, ती अशी.

आमच्या विद्यार्थ्यांस परिचित असलेल्या शुभवर्तमानांत मासे धरण्याचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण ते जाळ्यांचे. गळाचा प्रसंग मत्तयाच्या सतराव्या अध्यायांत येतो: मंदिराची पट्टी भरण्यासाठीं पेत्रास सरोवरावर जाऊन गळ टाकावयास सांगितलें, आणि पहिल्या माशाच्या तोंडांत नाणें सांपडावयाचें होतें. आमच्या पहिल्या माशाच्या तोंडांत आमचीच कोळंबी होती. तो शिंगाळा होता. त्यास पाहून मुलांनीं हर्षानें हात पुढें केले, आणि नाखवा प्रथमच ओरडले. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांपाशीं एकेक असे तीन करवती कांटे असतात. ते विषारी असून टोंचल्यास तासन् तास ठणका लागतो. हा मासा फडक्यांत धरून, कांटे चिमट्यानें मोडून, मगच गरी सोडवितात. कांटा टोंचलाच तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत तो भाग बुडवून ठेवावा, म्हणजे ठणका कमी होतो, आणि नंतर डॉक्टरांकडे जावें. दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट केंड या माशाची. पाण्याबाहेर काढतांच तो पोट फुगवून चेंडूसारखा होतो व मुलांस त्याची मौज वाटते. याच्या कित्येक जातींच्या अंगांत प्राणघातक विष असतें आणि तें शिजविल्यानेंहि जात नाहीं. तो लागल्यास पाण्यांत सोडून द्यावा. घरीं मुळींच नेऊं नये.

पुढें एक करकरा लागला. हा मासा घशांतील दांत एकमेकांवर घासून कर्रकर्र असा आवाज करतो. त्याचें नांव कोणी ठेवलें हें विचारण्याची गरजच उरत नाहीं.

अडीच वाजतां सर्वांत धाकट्या विद्यार्थ्याचा दोरा चालूं लागला. या वेळीं तो थांबला, बोटानें मोजल्यासारखा थांबला, आणि मग ओढलें. वर आला तो जिताडा. रुपेरी अंग, खोलगट कपाळ, उन्हांत तांबूस चमकणारे डोळे, लांबी वीतभर. रायगड जिल्ह्यांत जिताड्याची थोरवी सांगावयास नको. पेण-अलिबागकडे आगरी कुटुंबें तो घराजवळच्या तळ्यांत मुद्दाम वाढवितात, आणि पाहुण्यास जिताडा वाढला यासारखा दुसरा मान नाहीं. मुलाचा चेहरा उजळला. घरीं आजीस दाखवावयाचा, हें त्याचें ठरून गेलें. नाखव्यांनीं ओल्या हातानें मासा घेतला, गरी सोडविली आणि मुलाकडे पाहून म्हणाले, "हा अजून शाळेंत जातो, बाळा." आणि तो पाण्यांत सोडला.

मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें. आमच्याहि मनास तें लागलें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु या माशाचें जीवन समजून घेतल्यावर नाखव्यांचें करणें समजतें. जिताडा जन्मतो तो खाऱ्या पाण्यांत, खाडीच्या मुखाच्या आसपास. लहान पिलें भरतीबरोबर कांदळवनांत व खाजणांत शिरतात आणि तेथून नदीच्या गोड्या पाण्याकडे वर सरकतात. तेथें कांहीं वर्षें वाढून ते पुनः अंडीं घालण्यासाठीं मुखाकडे उतरतात. त्यांतहि विशेष असा कीं, जिताडा प्रथम वयांत येतो तो बहुधा नर म्हणून, आणि पुढें बराच मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे वीतभर जिताडा मारणें म्हणजे एका भावी मादीस तिच्या पहिल्या अंड्याच्या कितीतरी वर्षें आधीं संपविणें होय. महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं ५४ जातींच्या माशांची पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची ती १३५ मिलिमीटर आहे. नाखव्यांनीं तें कोष्टक पाहिलेलें नसावें. त्यांची मोजपट्टी त्यांच्या हाताची वीत.

मग त्यांनीं सहज विचारलें, "तुमच्या धाटावला येतो का अजून हा?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पाण्याची उणीव म्हणावी तर ती नाहीं. घाटावरच्या मुळशी धरणाचें पाणी भिरा येथील वीजगृहांतून १९२७ सालापासून कुंडलिकेंत उतरतें, त्यामुळें इतर नद्या उन्हाळ्यांत आटतात तशी ही आटत नाहीं. प्रश्न पाणी आहे कीं नाहीं हा नसून कसें आहे हा आहे. धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. सांडपाणी शुद्ध करणारें सामाईक केंद्रहि आहे. आणि तरीहि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या दूषित नद्यांच्या यादींत कुंडलिकेचें नांव आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरची चूल त्याच कारखान्यांच्या पगारावर पेटते, हें आम्ही विसरलों नाहीं. पण जो मासा मुखाशीं सोडला त्याची वाट वर आपल्याच दाराशीं येते, हेंहि त्या दुपारपर्यंत आमच्या ध्यानीं आलें नव्हतें.

असो. पालकांस कांहीं सूचना. मुलांस एकटें धक्क्यावर पाठवूं नये. जाणता माणूस बरोबर असावा. पोहतां येत असलें तरी लाईफ जॅकेट अंगांत असावें. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ व कालवें असतात, एकानें पाय घसरतो व दुसऱ्यानें कापतो. म्हणून वरच्या सपाटीवरूनच गळ टाकावा. होड्या लागतात ती बाजू मोकळी ठेवावी आणि बंदरावर आधीं विचारून घ्यावें. पावसाळ्यांत जाऊंच नये. तुटलेला तंगूस तेथें टाकूं नये. तो कुजत नाहीं आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतो. आम्हीं आपल्या तुकड्यांबरोबर दुसऱ्यांचेहि गोळा केले, ते एक पिशवीभर झाले.

तीन वाजले. दोरे, जे आतांपर्यंत कोर्लईच्या विरुद्ध अंगास, खाडीच्या आंत ओढले जात होते, ते सरळ खालीं लोंबूं लागले. भरती पुरी झाली होती. मासे टोंचावयाचे थांबले आणि नाखव्यांनीं गुंडाळण्यास आरंभ केला. तीन शिंगाळे व एक करकरा असा एकंदर लाभ. तो चार घरांत वांटला. परतींच्या गाडींत धाकटा विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. रोहें आल्यावर त्यानें पंचांग मागितलें. नाताळच्या सुटींतील प्रत्येक दिवसाची तिथी व तिची पाऊणपट त्यानें आपल्या वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेविली आहे.