घाटमाथ्यावरील यंत्रवैद्य

गुणकारी औषधाची मात्रा वैद्यानें पोटच्या मुलासहि अखेरच्या घटकेसच सांगावी, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. कारागिरांच्या घरीं तर ही हातराखणी कुळाचारच होऊन बसलेली दिसते. परंतु आपली विद्या दोन्ही हातांनीं वांटणारा एक कारागीर आम्हांस लोणावळ्यास भेटला होता. गेल्या चैत्रांत ते वारले. प्रसिद्धीची त्यांस जन्मभर नावड होती. म्हणून त्यांचें नांव न देतां, सर्व मावळांत ते ज्या नांवानें ओळखले जात त्या ‘मिस्त्री’ याच नांवानें त्यांचें स्मरण करीत आहें.

मिस्त्रींचा धंदा केवळ दुरुस्तीचा नव्हता. मोटारीचें इंजिन कारखान्यांतून निघतें तें सर्वांस सोसेल अशा बेतानें बसविलेलें असतें. त्यांतील हवेचे मार्ग घासून गुळगुळीत करणें, पेट्रोल व हवा यांचें प्रमाण साधणें, ठिणगी नेमकी केव्हां पडावी हें ठरविणें, अशा उपायांनीं त्याच इंजिनाकडून अधिक वेग व अधिक जोर घेतां येतो. पूर्वीं मद्रासजवळ शोलावरमच्या धांवपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, तेव्हां घरगुती फियाट गाड्याहि अशाच सजवून उतरविल्या जात. १०८९ घनसेंटिमीटरची ती साधी फियाट मिस्त्रींच्या हाताखालून गेली, कीं बोरघाट चढतांना तिला धाप म्हणून लागत नसे.

घाट हीच त्यांची प्रयोगशाळा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता सुमारें साडेपांचशें मीटर चढतो आणि तेवढ्यानें हवा शेंकडा पांचांच्या आसपास विरळ होते. कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल पूर्वींच्याच मापानें सोडूं पाहतो. म्हणून खालीं नीट चालणारी गाडी वर येऊन काळा धूर ओकूं लागते. अशा गाडीचा प्लग काढून मिस्त्री त्याचा रंग पाहत. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी व इंजिन तापलेलें. फिकट तपकिरी असेल तर प्रकृति ठीक. मग स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक इंजिनास टेकवून त्याची लांकडी मूठ ते कानाशीं धरीत व डोळे मिटून ऐकत राहत.

माझी त्यांची ओळख माझ्याच मूर्खपणानें झाली. कॉलेज नुकतेंच संपलें होतें आणि वडिलांची जुनी फियाट हातीं आली होती. मीं एके ठिकाणीं तिचें हेड वाजवीपेक्षां जास्त घासवून घेतलें. त्यानें दाब वाढतो व जोर वाढतो, एवढें मला ठाऊक होतें. दाब अति झाला तर आंतील मिश्रणाचा कांहीं भाग आपोआप भडकतो व पिस्टनवर घाव बसूं लागतात, हें ठाऊक नव्हतें. आषाढांतील एका सायंकाळीं आई व आत्या यांस मुंबईहून पुण्यास आणीत असतां घाटांत इंजिनांतून टकटक आवाज येऊं लागला. मीं दुर्लक्ष केलें. खंडाळ्याच्या अलीकडे पिस्टनास भोंक पडलें आणि गाडी ऐन वळणावर, धुक्यांत, बंद पडली. मागून येणारे ट्रक हातभर अंतरावरून जात होते.

एका ट्रकवाल्यानें निरोप पोंचविला. मिस्त्री भरपावसांत आले. प्रथम त्यांनीं गाडीकडे पाहिलेंहि नाहीं. आई व आत्या यांस आपल्या घरीं नेऊन पोंचविलें. आमची आत्या सोंवळ्याची मोठी कडक. परंतु त्या रात्रीं मिस्त्रींच्या पत्नीनें वाढलेलें पिठलें-भाकरी तिनें समाधानानें खाल्लें. नंतर रात्रीं इंजिन उघडून मिस्त्रींनीं तो पिस्टन माझ्या हातीं दिला व म्हणाले, “इंजिनानं तुम्हांला किती वेळ हांका मारल्या असतील! तुम्ही ओ दिली नाहीं.” त्यांनीं सुट्या भागांची किंमत तेवढी घेतली. मजुरीचें विचारतां म्हणाले, “ती ब्रेकवर खर्च करा. पळणाऱ्याला थांबतां आलं पाहिजे.”

हा त्यांचा नेमच होता. ब्रेक व टायर मनासारखे असल्यावांचून ते कोणाच्याहि इंजिनाचा जोर वाढवून देत नसत. कित्येक हौशी तरुण रागावून निघून जात; घरीं चणचण असतांनाहि मिस्त्रींनीं हा नेम मोडला नाहीं.

प्रत्येक गाडीचें टिपण ते एका वहींत ठेवीत व ती वही सदैव फळीवर उघडी असे. इतर गॅरेजवाले येऊन ती उतरून घेत. “अशानें गिऱ्हाईक जाईल,” असें मीं एकदां म्हटलें. तेव्हां ते हंसून म्हणाले, “शिंगरोबानं वाट दाखवली, ती आपल्या मेंढरांपुरतीच ठेवली का?” ज्या धनगरानें इंग्रजांस बोरघाटाची वाट दाखविली असें लोककथा सांगते, त्या शिंगरोबाचें देऊळ घाटांत आहे आणि येणारे-जाणारे चालक तेथें नाणें टाकून पुढें जातात.

२००२ सालीं द्रुतगति महामार्ग पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्यावरील बरीचशी वाहतूक तिकडे वळली. पेट्रोलचें माप आतां संगणक ठरवितो. मिस्त्रींची शेड ओस पडत गेली. पण त्यांच्याजवळ शिकलेलीं मुलें आज लॅपटॉप जोडून तेंच काम करितात आणि आधीं ब्रेक पाहतात.

मीहि पुढें संसारांत गुंतलों. जाणें-येणें कमी झालें, याची खंत आतां वाटते. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या पत्नीनें ती वही मला दाखविली. माझ्या गाडीच्या पानावर प्लगचा रंग, ठिणगीची वेळ, सारें नोंदलें होतें. खालीं पेन्सिलीनें लिहिलें होतें: ‘ब्रेक नवे बसवले. पोरगा आतां ऐकतो.’